मुकीने हात उचलला

लाँड्रीत तिला सगळे मुकी म्हणायचे. जीभ चांगली खणखणीत होती हो तिची, पण मुकादमाने मारलं तरी बाई चकार शब्द काढायची नाही. आणि मारायचा तरी कसा मेला! दवाखान्यातून धुवायला आलेल्या ओल्या चादरीला पीळ घालायचा आणि पाठीवर सपकन ओढायचा. चादरीवर डाग राहिला, ओढ. यंत्र अडलं, ओढ. एकदा तर कानाखाली अशी ठेवून दिली की आठवडाभर तिला त्या कानाने ऐकू येईना. पाठीवर वळ, वळांवर वळ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मुकी आपली हजर.

पोरगी चार वर्षांची असताना नवरा परागंदा झालेला. कमावणारी ही एकटी. राग असा यायचा की दात कराकरा वाजायचे, पण नोकरी गेली तर खायचं काय, म्हणून गिळून बसायची.

मग त्या नतद्रष्टाची नजर पोरीवर गेली. "चौदाची झाली ना? सोमवारपासून आण तिला घड्या घालायला. नाहीतर तूही येऊ नकोस."

शाळेत जाणारी पोर! तिच्या कोवळ्या पाठीवर ती चादर पडताना मुकीला डोळ्यांसमोर दिसायला लागली. दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

शनिवारी बँकेतून कळलं, पैसे जमा झालेत. एकट्या आयांसाठी सरकारची मदत, वर्षभर, दर महिन्याला थेट खात्यात. अर्ज करून इतके दिवस झाले होते की ती विसरूनही गेली होती. चैन करण्याइतकी रक्कम नव्हती, पण भाडं आणि दोन वेळचं जेवण निघत होतं. मुकी बँकेच्या पायरीवरच बसली आणि ढसाढसा रडली.

सोमवारी ती एकटीच गेली.

"पोरगी कुठाय?" मुकादम गरजला.

"शाळेत."

अख्खी लाँड्री थबकली. त्याने चादर पिळली आणि थेट तोंडावर हाणली. ओठ फाटला. पुन्हा हात उगारला तशी मुकीने चादरीचं टोक धरून असा हिसका दिला, की गडी ओल्या फरशीवर थोबाडावर आपटला. मग तीच चादर तिच्या हातात. पाठ, खांदे, मांड्या, मिळेल तिथे! "ऊठ की मेल्या! हा माझ्या कानाचा! आणि हा पोरीचं नाव काढलंस त्याचा!" नाकातून रक्त गाळत तो टेबलाखाली शिरला. बायकांनी तिला आवरलं, पण खरं सांगू, जरा सावकाशच आवरलं.

नोकरी गेलीच. संध्याकाळी सुजल्या ओठांनी तिने पोरीला सगळं सांगितलं. पोरगी आधी खदखदून हसली, मग हसू आवरून तिने विचारलं.

"आई, अंगात एवढी ताकद होती, तर इतकी वर्षं का नाही गं मारलंस त्याला?"

मुकीने तिच्या ताटात भाकरी वाढली.

"इतकी वर्षं तू रोज जेवत होतीस ना," ती म्हणाली.