मायक्रोस्कोपवरचं प्लास्टिक
नव्या प्लास्टिकचा वास आला की मला शहराबाहेरचं ते खासगी कॉलेज आठवतं. बीएस्सी झाल्यावर मला विद्यापीठातच शिकायचं होतं, पण तिथल्या भिंतींचे पोपडे पाहून बाबांनी नाक मुरडलं होतं. गांधीबागेत कापडाचं दुकान चालवणारे माझे बाबा या कॉलेजच्या थंडगार एसीत मात्र खूश होते. माहिती देणाऱ्या मॅडमनी आम्हाला प्रयोगशाळा दाखवली. फरशी लखलखत होती, आणि ओळीने मांडलेले मायक्रोस्कोप कंपनीतून आले तसेच प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद होते. पिशव्यांवर धूळ साचली होती. "मुलं यातून बघतात कधी?" मी विचारलं. मॅडम हसल्या, "हात लागला की बिघडतात ना! तपासणीला कमिटी आली की काढतो." माझं डोकंच फिरलं. पुढे होऊन मी एक पिशवी टर्रकन फाडली. मॅडम किंचाळल्या. "काहून फाडलं वं?" बाबा ओरडले. मीही आवाज चढवला, "तुम्ही कापडाचा ताका उलगडून पाहिल्याशिवाय माल घेता का, बाबा? मग मले काहून इथं टाकून राहिले?" बाबांनी त्या नव्याकोऱ्या यंत्रावरून अंगठा फिरवला, कापडावरून फिरवतात तसा, आणि प्रवेश न घेताच स्कूटरकडे निघाले. आज विद्यापीठाच्या त्याच पोपडे पडलेल्या विभागात मी शिकवते. नवा मायक्रोस्कोप आला की पिशवी मीच फाडते आणि पोरांना सांगते, बिघडला तर बिघडला, आधी डोळा लावा!