आईला काय बोलायचं होतं

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोलाही ठाऊक नाही. आणि आईला — आईला सांगायची गरजच नाही, ती तिथंच होती.

मी छत्रपती संभाजीनगरात सहावीला नागरिकशास्त्र शिकवतो. ग्रामपंचायतीचा धडा माझा आवडता. महिलांच्या आरक्षणापाशी आलो की मी पुस्तक मिटतो आणि म्हणतो, "माझी आई सरपंच होती." मुलं पुढं सरकून बसतात. मग मी सांगतो — लासूर स्टेशनजवळचं आमचं गाव, शाळेची पायरी न चढलेली आई, तिनं शेतात राबून मला शिकवलं, घरातला पहिला पदवीधर मी. तिला सभेत बोलता यायचं नाही, म्हणून तिच्या वतीनं मी बोलायचो. मुलं टाळ्या वाजवतात. दरवर्षी.

यातलं सगळं खरं आहे. एक वाक्य सोडून.

तिला बोलता येत होतं. बाजारात भल्याभल्या व्यापाऱ्यांना गप्प करणारी बाई ती — सभेत कशाला अडखळेल? पहिल्या ग्रामसभेच्या आदल्या दिवशी ती चुलीपुढं भाषण घोकत होती. पिठाचा हात वर करून तव्यावरच्या भाकरीला दम देत होती, "गप बसा रे, सरपंच बोलतीय!" मी हसत होतो. किती गोड दिसत होती!

दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली. पदर सावरला. "माझं म्हणणं असं हाय —" एवढंच म्हणाली, आणि मी तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं. का? ती चुकेल म्हणून? नाही. मला रस्त्याबद्दल बोलायचं होतं. तालुक्याचे साहेब आले होते. नवी पदवी होती, गावानं माझं ऐकावं असं वाटत होतं — दुसरं काही नाही.

मी बोललो. मागून कुणीतरी ओरडलं, "सरपंचबाई, पोरगं शिकवलं ते कामाला आलं बघा!" सगळे हसले. आईही हसली. घरी येताना म्हणाली, "लई छान बोलला, बाबा." त्यानंतर सरपंच होती तोवर ती सभेत उभी राहिली नाही. ती अंगठा द्यायची, मी बोलायचो.

यंदा पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. हात वर केला.

"सर, पण आजींना काय बोलायचं होतं?"

"आता आठवत नाही," मी म्हणालो, आणि पुढचं पान उघडलं.

आई आता पडेगावात माझ्याकडंच असते. त्या संध्याकाळीही तिनं रोजच्यासारखं विचारलं, "आज काय शिकवलं लेकरायला?" मी म्हणालो, "ग्रामपंचायत." ती खूश झाली. "नीट समजावून सांग बरं. पोरींना तर नीटच सांग."

मला आठवतं. शब्द न् शब्द आठवतो. चुलीपुढं ती म्हणत होती, "आपली अंगणवाडी देवळात भरती. कुणाचं लगीन निघालं की लेकरं बाहेर उन्हात. आधी लेकरायला खोली बांधू. रस्ता मागून करू."

रस्ता त्याच वर्षी झाला. अंगणवाडी अजून देवळातच भरते.