एकोणपन्नास नमस्कार

कोल्हापूरच्या स्टँडवर बेंगळूरूची गाडी लागली होती आणि माझी आई कंडक्टरला बजावत होती, “पोरगी झोपली तर उठवा हं, हिची झोप लई वाईट.” पोरगी एकोणतीस वर्षांची, अडुसष्ट किलो वजनाची, दहा वर्षं रग्बी खेळून एक गुडघा आणि दोन बोटं वाकडी करून घेतलेली. कंडक्टरनं मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ‘बरं’ म्हणाला. बाबांनी माझ्या बुटांची पिशवी शेवटपर्यंत स्वतःच्या हातात धरली होती. ते शाळेत पी.टी. शिकवायचे. निवृत्त झालेत, पण शिट्टी अजून खिशात असते. गाडी सुटताना त्यांनी पिशवी खिडकीतून आत दिली आणि मी पहिल्यांदा बॉल हातात घेतला तेव्हापासून जे सांगत आलेत तेच सांगितलं, “पडलीस तरी बॉल सोडू नको.” आई म्हणाली, “पोचलीस की फोन कर, न्हाईतर मी जेवणार न्हाई.” मी कागलपर्यंत रडले. मग भूक लागली आणि दशम्या उघडल्या.

बायांनो, हे मी तुम्हाला लिहितेय, आपल्या जुन्या टीमला. तुमच्यातल्या निम्म्या अजून इथंच कोल्हापुरात आहेत, पोरांना ट्यूशनला सोडून संध्याकाळी ग्राउंडवर येतात. निम्म्या माझ्यासारख्या निघून गेल्या, कुणी पुण्याला, कुणी दुबईला. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, कुंभकोणम् कुठं आलं आणि तिथं रग्बी कोण खेळतं? तर बेंगळूरूला गाडी बदलून जायचं, कुंभकोणम् तंजावरच्या पुढं, कावेरीच्या काठी. आणि मी जायच्या आधी तिथं रग्बी कोणीच खेळत नव्हतं.

एका मुलींच्या कॉलेजला वर्षभरासाठी कोच हवी होती. तिकडं चार कॉलेजांची मिळून लीग भरते. सात-सात जणींची टीम, सात-सात मिनिटांचे दोन डाव, प्रत्येक टीमशी दोनदा खेळायचं, म्हणजे सहा मॅच. बाकीच्या तीन टीमना तीन-चार वर्षांचा सराव होता. आमच्या कॉलेजात त्या दिवसापर्यंत फक्त थ्रोबॉल होता. प्रिन्सिपल मॅडमनी कॉफी पुढं सरकवली आणि गोड आवाजात अट सांगितली. वर्षात एक मॅच जिंकून दाखवा. नाही जिंकलात तर मैदान परत थ्रोबॉलला आणि तुम्ही तुमच्या गावी. खरं सांगू? मला वाटलं, बरंच आहे की, हरलो की सुटलो. खोलीवर जाऊन भिंतीवर कॅलेंडर लावलं आणि रोज एक फुली मारायला सुरुवात केली.

खोली रुक्माबाईंच्या माडीवर, मोठ्या तळ्याच्या मागच्या गल्लीत. रुक्माबाई पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात, मुलगी सिंगापूरला. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या राज्यात तिकडं गेले ते तिकडचेच झाले. बाहेर सगळा कारभार तमिळमध्ये, पण उंबरा ओलांडला की मराठी. तीही अशी, की मला वाटलं जुनं दफ्तर कुणी मोठ्यानं वाचतंय. पहिल्याच दिवशी त्यांनी पुसलं (विचारत नाहीत त्या, पुसतात), “उदक पाहिजे कां?” मी म्हटलं, “हो, एक ग्लास चालेल.” त्यांनी माझ्याकडं कळवळून बघितलं आणि म्हणाल्या, “तुमच्या गांवीं मराठी अगदींच बिघडली, पावम्.” पावम् म्हणजे बिचारी. वर्षभर त्यांनी माझी भाषा सुधारायचा चंग बांधला होता. इकडं आल्यावर मी ‘पुसू का’ म्हटलं आणि आईनं हातात फडकं दिलं, यावरून काय ते समजा.

टीम गोळा झाली अकरा जणींची. कॅप्टन कयल. तिचं घर विणकरांचं, लहानपणापासून मागावर पाय मारून मांड्या लोखंडी झालेल्या. सेल्वी अंगानं काडी, पण तिचा पाय बॉलला असा लागायचा की बघत राहावं. वडिलांचा पानमळा होता आणि रोज सकाळी ती माझ्यासाठी चार पानं घेऊन यायची. पोरी धावायला वाऱ्यासारख्या, पडायला घाबरत नव्हत्या, शिकवलं ते लगेच उचलायच्या. दीड महिन्यात मला वाटायला लागलं, आयला, एखादी मॅच चुकून जिंकतील की ह्या.

पहिली मॅच तंजावरात. दुसऱ्याच मिनिटाला कयल बॉल घेऊन सुटली. समोर कोणी नाही, रेषा दहा पावलांवर. तिला पाडायला आलेली तंजावरची पोरगी आडवी झाली होती आणि तिच्यावरून उडी मारताना कयलचा पाय तिच्या दंडाला लागला. कयल थांबली. परत फिरली, वाकली, बोटं त्या पोरीच्या दंडाला लावली आणि मग स्वतःच्या दोन्ही डोळ्यांना. पाय लागला ना. तेवढ्यात मागून एकीनं तिच्या काखेतला बॉल काढून घेतला आणि पार दुसऱ्या टोकाला नेऊन टेकवला. मी म्हटलं, चुकली बिचारी. मग सेल्वीनं तेच केलं. मग बाकीच्यांनी. रग्बीत पाय लागत नाही असं एक मिनिट जात नाही, आणि आमच्या सातही जणी मॅचभर वाकून वाकून नमस्कार करत होत्या. शेवटी चाळीस-शून्य. तंजावरच्या पोरी म्हणाल्या, इतकी सभ्य टीम आम्ही पाहिली नाही.

पाय लागला की नमस्कार आपणही करतो, तसंच वाढवलंय आपल्याला. पण आपल्या सरांनी ती सवय पहिल्याच आठवड्यात ओरडून मोडली होती. मीही ओरडले. एका नमस्काराला मैदानाच्या दहा फेऱ्या, असा नियम केला. फेऱ्या मारताना एकीचा पाय दुसरीला लागायचा, की ती थांबून नमस्कार करायची, की आणखी दहा. एकदा तर संध्याकाळची दिवेलागण झाली तरी चौघी धावतच होत्या आणि वॉचमन मला विचारत होता, या मुलींनी केलं तरी काय. दुसरी मॅच हरलो. तिसरीही हरलो.

त्यात आली आयुधपूजा. तिकडं दसऱ्याच्या आदल्या दिवशी माणूस ज्यावर पोट भरतो ते पुजतात. रिक्षावाला रिक्षा, शिंपी मशीन. माझ्या पोरींनी आमच्या दोन बॉलांपैकी नवा बॉल पाटावर ठेवला, चंदन-कुंकू लावलं, शेवंतीची माळ घातली. मला फार कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी सेल्वीला म्हटलं, मार किक. ती म्हणाली, “अक्का, ह्याला कसा मारू पाय?” समजावलं, रागावले, काही उपयोग नाही. तो बॉल हातात घेऊन पळायचा, लाथ मारायची जुन्या बॉलला, असं ठरलं. कपाळावर हात मारून घेतला मी.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. तीन हरलात ना, मग बरं झालं, आता परत ये, इथं काकांच्या ओळखीनं शाळेत लावू. मी ज्याची वाट बघत होते तेच ती बोलत होती आणि मला तिचा इतका राग आला की मी फोनच ठेवून दिला. मग भिंतीकडं लक्ष गेलं. कॅलेंडरवर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर फुल्याच नव्हत्या. मारायच्या राहून गेल्या होत्या. मला परत जायचं नव्हतं. त्या अकरा जणींना सोडून, सकाळच्या पितळी टंबलरातल्या कॉफीला सोडून, मला कुठंच जायचं नव्हतं. आणि आता हातात तीनच मॅच होत्या. मी जिन्यात बसून रडले, ह्या वेळी कागलपेक्षा जास्त.

रुक्माबाई एकादशी म्हणून गोविंदपुरम्ला विठ्ठलाच्या देवळात भजनाला निघाल्या होत्या. पायरीवर मी बसलेली दिसल्यावर त्याही खालच्या पायरीवर टेकल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “अगे, त्यांचा नमस्कार कां मोडतेस? अगोदर करून घ्या म्हणावें.” मला समजेना. तेव्हा त्यांनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि पासष्टाव्या वर्षी पायरीवरच उकिडवं बसून नाचातला नमस्कार करून दाखवला. त्यांची मुलगी नाच शिकायची. नाचायच्या आधी ती भुईला हात लावून डोळ्यांना लावायची, कारण पुढं तासभर त्याच भुईवर पाय आपटायचे असतात. “एकदां क्षमा मागितली कीं मग भिणें नाहीं. माझी पोर फरशी फोडीत असे.” मग उठायला त्यांना माझा हात लागला, आणि माझ्यामुळं त्यांची बस चुकली.

चौथ्या मॅचला शिट्टीच्या आधी आमच्या सात जणी नागपट्टणमच्या सात जणींसमोर ओळीनं गेल्या. प्रत्येकीनं प्रत्येकीच्या खांद्याला बोटं लावली आणि डोळ्यांना लावली. एकोणपन्नास नमस्कार. रेफरी घड्याळाकडं बघायला लागला. नागपट्टणमच्या पोरींना वाटलं काहीतरी जादूटोणा चाललाय. आणि शिट्टी झाल्यावर काय सांगू तुम्हाला, नाद खुळा. कयलनं दोघींना एका वेळी आडवं केलं आणि मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. हरलो, पण एकाच ट्रायनं, पाच गुणांनी. पाचवी मॅच दीड महिना लांबली, कारण पाऊस असा लागला की मैदानात बगळे उतरले. ती बरोबरीत सुटली. राहिली एक.

शेवटची मॅच पोंगलनंतर, आमच्याच मैदानावर, तंजावरशी. प्रिन्सिपल मॅडम छत्री उघडून खुर्चीत. शेजारी रुक्माबाई, मांडीवर दोन्ही टीमसाठी केलेल्या चिंचेच्या भाताचं पातेलं, कारण पाहुण्यांना खेळून उपाशी पाठवणें नाहीं. एकोणपन्नास नमस्कार झाले आणि सुरू झालं. मध्यंतराला पाच-बारा, आम्ही मागं. दुसऱ्या डावात कयलनं ट्राय मारली, पाच गुण, पण त्यावरची सेल्वीची दोन गुणांची किक खांबाला लागून बाहेर गेली. दहा-बारा. मग तंजावरच्या एका पोरीनं मारलेला बॉल भिंतीवरून उडून थेट पलीकडच्या अरसलार नदीत. जुना बॉल गेला. उरला पूजेचा.

तुम्हाला माहीतच आहे, जिंकायला ट्रायच मारायची असते असं नाही. शेवटच्या मिनिटाला तंजावरची एक पोरगी ऑफसाइड सापडली, रेफरीनं आम्हाला पेनल्टी दिली. खांबांच्या मधून बॉल मारला की तीन गुण, तेरा-बारा. मारणार सेल्वी. आणि तिच्या हातात तो बॉल, शिवणीत अजून कुंकू अडकलेलं. ती हलेना. तिनं रेषेपलीकडं माझ्याकडं बघितलं. ज्या गोष्टीसाठी मी पोरींना फेऱ्या मारायला लावल्या होत्या, तीच मी केली. वाकले, गवताला हात लावला आणि बोटं डोळ्यांना लावली. सेल्वी हसली. बॉलला बोटं लावली, डोळ्यांना लावली, तमिळमध्ये त्याच्याशी काहीतरी बोलली, आणि मग असा पाय घातला त्याला की तो खांबांमधून जाऊन पुन्हा भिंतीपलीकडं गेला.

पुढचं मला नीट आठवत नाही. कयलनं मला उचललं होतं एवढं खरं. प्रिन्सिपल मॅडम रुक्माबाईंना विचारत होत्या, भातात शेंगदाणे कधी घालायचे. तंजावरच्या पोरींनी दोनदा भात मागून घेतला. बॉल काढायला सगळ्याच नदीवर गेल्या, जिंकलेल्या आणि हरलेल्या. दोन्ही बॉल सापडले, लव्हाळ्यात अडकलेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी नव्या करारावर सही केली आणि आईला फोन लावला. तिनं आधी पगार विचारला. मग म्हणाली, “तिथं भाकरी मिळती का तेवढं सांग.” मिळत नाही. मी करते. रुक्माबाईंना ती कडक लागते, कॉफीत बुडवून खातात.

मे महिन्यात कोल्हापूरला सुट्टीला निघाले तेव्हा रुक्माबाई स्टेशनवर आल्या होत्या. गाडी हलली तशी खिडकीला धरून म्हणाल्या, “पोंचलीस कीं फोन कर. तोंवर माझें जेवण नाहीं.” आधी मला घर म्हटलं की आपली गल्ली, आपलं ग्राउंड, तांबडा रस्सा असं दिसायचं. आता एवढंच वाटतं, की आपण पोचलो का याच्यासाठी कुणीतरी ताट वाढायचं थांबलेलं असतं, ते घर. माझी अशी दोन आहेत, आणि प्रत्येक प्रवासात एका घरी कुणीतरी उपाशी असतं. ह्याचं मला वाईट वाटतं आणि बरंही वाटतं.

आता त्या रविवारचं. ज्या ग्राउंडवर होत्या त्या अजून हसताहेत, ज्या नव्हत्या त्यांच्यासाठी सांगते. आपली नेहमीची प्रॅक्टिस मॅच, बाबा रेषेवर शिट्टी घेऊन. बॉल माझ्या हातात आला आणि समोर रान मोकळं. आपली वैशाली मला पाडायला आली, तीच पडली, आणि जाताना माझा पाय तिच्या खांद्याला लागला. मी थांबले. बॉल खाली ठेवला. वाकून तिच्या खांद्याला बोटं लावली आणि डोळ्यांना लावली. मान वर केली तर बॉल नव्हता. तो दुसऱ्या टोकाला पोचला होता आणि सगळ्या ग्राउंडवर लोळत हसत होत्या. बाबा तेवढे हसले नाहीत, शिट्टी तोंडात तशीच.

घरी जाताना बुटांची पिशवी त्यांनीच घेतली. अर्धी वाट सरली. मग म्हणाले, “तू तर पडली पण न्हवतीस.” मी म्हटलं, “न्हाई.” थोडं पुढं गेल्यावर त्यांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि विचारलं, “परतीचं तिकीट काढलंस न्हवं?”