रोज रात्रीची पाळी

गुडगावच्या काचेच्या इमारतीतल्या कॉल सेंटरमध्ये मी रात्रभर अमेरिकन बाई असायचे. नाव कंपनीनं दिलेलं, आवाज माझा. तिकडचे आजोबा बिलाबद्दल भांडायला फोन करायचे आणि मला त्यांच्या गावची हवा सांगत बसायचे. नकला करते म्हणून शाळेत मार खाल्ला होता, इथे त्याचाच पगार.

दिवसा दिल्लीतल्या द्वारकेत मावशीकडे झोपायचे. झोप कसली, नुसतं तरंगणं. पडदे पातळ, खोलीभर दुधासारखा उजेड. वरून विमान गेलं की पलंग जरासा उचलल्यासारखा वाटायचा. भाजीवाल्याचं 'आलू ले लो' पाण्याखालून आल्यासारखं ऐकू यायचं. डोळे उघडले की कळायचं नाही, उजाडतंय की मावळतंय.

केस गळायला लागले, चेहऱ्यावर पुरळ उठलं, तेव्हा मावशी मला सोसायटीतल्याच मराठी डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी विचारलं, "पाळी नियमित आहे ना?"

"एकदम. रोज रात्री. फक्त रविवारी सुटी."

बाईंचं पेन थांबलं. मावशीनं ओढणी तोंडाला लावली.

आता यात माझं काय चुकलं? आमच्या गावात साखर कारखान्याचा भोंगा झाला की पाळी बदलायची आणि बाबा डबा घेऊन निघायचे. बायकांच्या त्या गोष्टीला घरात 'अडचण' म्हणत. आणि ती अडचण, मी घुटमळत सांगितलं, कितीतरी महिन्यांत आलीच नव्हती. मैत्रिणींना म्हणायचे, सुटले यार. आतून मात्र धास्ती होती, कायमचीच गेली तर?

बाईंनी थायरॉइड वगैरे तपासायला सांगितलं. मग म्हणाल्या, अंधार पडला की मेंदूतली एक एवढीशी ग्रंथी मेलाटोनिन सोडते. लोकांना वाटतं ते फक्त झोपेचं. पण ते शरीराला रात्र झाल्याची वर्दी देतं, बाकीची हार्मोन्स आपली वेळ त्यावरून जुळवतात. पेशींची झीज आवरायला मदत करतं, अंडाशयातसुद्धा सापडतं. तू रात्रभर ट्यूबलाइटखाली, वर्दी पोचणार कशी?

मी चौकीदाराच्या आवाजात म्हटलं, "सोते रहो." त्या हसल्या. मग मी हळूच विचारलं, गोळी मिळते ना त्याची? म्हणजे अमेरिकन बाई शाबूत राहील.

"गोळीनं रात्र परत येत नाही गं," त्या म्हणाल्या. "नक्कल कर, पण दिवसा."

रिपोर्ट सगळे ठीक आले. म्हणजे आता पळवाट नव्हती. मी दिवसाच्या, हिंदीच्या डेस्कवर बदली मागून घेतली. तिथे माझा तो आवाज कुणालाच नको होता. रोहतकचे ताऊ, म्हणजे म्हातारे काका, थेट हरयाणवीत झापायचे. रात्री मावशी खिडकीला जाड चादर लावायची आणि मी दगडासारखी झोपायचे. महिना गेला, काही नाही. आणखी एक गेला.

मग एका दुपारी एक ताऊ नेटवर्कवरून तापलेले असताना ओटीपोटात ओळखीची कळ आली. "ताऊजी, एक मिनट," म्हणून त्यांना होल्डवर टाकलं आणि मावशीला फोन लावला.

"आली."

पलीकडून मावशीचा नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

परत लाइनवर आले, तर ताऊ होल्डच्या संगीताबरोबर गुणगुणत होते. मी थोडा वेळ तशीच ऐकत राहिले.