शून्य नंबरचा बाक

आमचे सर शून्यापासून मोजायचे. फळ्यावर तर मोजायचेच, पण जिना चढताना, चहाचे कप मांडताना, हजेरी घेतानाही त्यांची सुरुवात शून्यानंच व्हायची. कामशेतला एका खताच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. खोलीत सहा बाक आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं आकडा, शून्य ते पाच. फळ्याला अगदी लागून असलेला बाक शून्य नंबरचा. मी आंदर मावळातून जीपचे धक्के खात पहिल्या दिवशी पोचले, तेव्हा सर म्हणाले, "या, शून्यावर बसा." मला वाटलं, यांना माझे बारावीचे मार्क कळलेले दिसतात. नंतर समजलं, नव्या मुलाला तिथंच बसवायची पद्धत होती. पाठीमागे सगळे त्यांना शून्यसर म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं.

जावास्क्रिप्ट ही वेबपानांची भाषा त्यांनी आम्हाला स्वतःच्या जेवणाच्या डब्यावर शिकवली. चार पुडांचा डबा उघडून टेबलावर ओळीनं मांडायचे. "ही झाली अ‍ॅरे. म्हणजे ओळीतली यादी. भाजी कितव्या नंबरला?" जो 'एक' म्हणेल त्याला भाजीचा वाससुद्धा मिळायचा नाही. भाजी शून्यावर, पोळी एकवर, भात दोनवर, लोणचं तीनवर. "लूप म्हणजे काय, तर हात एकेका पुडाकडे न्यायचा आणि शेवटच्यावर थांबायचं. थांबायचं कुठं हे ज्याला कळत नाही, त्यानं पुढाऱ्याकडे भाषणं करायला जावं." पुडं चार, म्हणून कुणी हात चार नंबरवर नेला की तो रिकाम्या टेबलावर आपटायचा. "तिथं काही नसतं. जावास्क्रिप्ट ओरडतही नाही. 'अनडिफाइन्ड', म्हणजे 'ठाऊक नाही', असं लिहून मोकळी होते, आणि अब्रू तुमची जाते."

या सवयीनं एकदा घोटाळाही झाला. आम्हा बारा जणांना घेऊन सर धरणावर गेले होते. परतताना जीपमध्ये डोकी मोजली आणि समाधानानं म्हणाले, "अकरा. झाले सगळे." ड्रायव्हरनं गाडी बंद केली. "सर, बारा आनलीवती. येक कुटं ऱ्हायलं?" सर त्याला समजावू लागले, पण तो केव्हाच पाण्याच्या कडेला पळाला होता. अर्धा तास तो नसलेल्या मुलाला हाका मारत होता आणि आम्ही गाडीत पोट धरून हसत होतो. सरांनी त्याची माफी मागितली. मोजायची पद्धत मात्र बदलली नाही.

माझं शिक्षण पुरं होत आलं, तेव्हा आमच्या गावातल्या बचत गटानं पावसाळ्यात फिरायला येणाऱ्या पाहुण्यांना घरगुती जेवण द्यायचं ठरवलं. नऊ घरं तयार झाली. सगळ्यात आधी नाव दिलं ते बौद्ध वस्तीतल्या शेवंतामावशीनं. त्या वस्तीतलं तेवढं एकच घर गटात होतं. नावांची यादी दाखवणारं वेबपान मी तयार केलं. पाहुण्यांनी मोबाइलवर नाव निवडायचं आणि गटाच्या अध्यक्षीणबाईंना फोन करून जेवायला यायचं, अशी सोय होती. गावात माझा भाव एकदम वधारला.

चार रविवार गेले. पाहुणे येत होते, जेवून वाखाणत होते, पण शेवंतामावशीकडे एकही फिरकला नाही. तिनं पडवी सारवून घेतली होती, नवी ताटं आणली होती. गटाच्या बैठकीत ती शांतपणे म्हणाली, "माजं नाव काडून टाका. लोक वरच्या आळीला जेवत्यात, आमच्या दाराकडं कुनी वळत न्हाई. आमाला काय ह्ये नवीन हाय व्हय?"

मीच शहाणपणानं म्हटलं, "मावशी, शहरातले लोक तसलं काही बघत नाहीत गं."

"मंग का येत न्हाईत?"



दुसऱ्या दिवशी सरांना हे सांगितलं. त्यांनी कोड मागितला नाही. "राहिलं कोण?" एवढंच विचारलं.

"शेवंतामावशी."

"यादीत कितवी?"

"पहिली."

सरांनी कप खाली ठेवला. "पहिली म्हणजे किती?"

माझा लूप एकपासून सुरू होऊन नऊपर्यंत जात होता. म्हणजे शून्यावरची मावशी सुटली, पुढची आठ घरं आली, आणि नवव्या ओळीत 'अनडिफाइन्ड'. ओळी मोजल्या तर बरोब्बर नऊ. तो इंग्रजी शब्द मी पाहिलाही होता, पण आमच्या डोंगरात रेंज नसते, नाव अजून उतरलं नसेल, असं समजून गप्प बसले होते. एका पाहुण्यानं तर फोन करून "अनडिफाइन्ड यांच्याकडे जेवायचंय" असं सांगितलं होतं. अध्यक्षीणबाईंनी "आमच्या गावात असल्या आडनावाचं कुनी न्हाई" म्हणून फोन ठेवला होता.

दुरुस्ती अर्ध्या मिनिटात झाली. मी लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात सर म्हणाले, "कोड दुरुस्त झाला. मावशी कुठं झाली?" आणि माझ्याबरोबर जीपमध्ये येऊन बसले.

मावशीच्या पडवीत त्यांनी गटातल्या बायकांना बोलावून घेतलं, तिचीच नऊ ताटं ओळीनं मांडली आणि मला म्हणाले, "तुझा लूप चालव." सगळ्यांसमोर मी दुसऱ्या ताटापासून हात लावत गेले, तो शेवटी जमिनीवर आला. मावशी टक लावून पाहत होती.

"म्हंजी माज्या ताटाला हातच लागला न्हाई."

"नाही लागला, मावशी. चूक माझी. गावातल्या कुणाची नाही, पाहुण्यांचीही नाही."

ती म्हणाली, "लय रडले गं मी." मला मान वर करवेना. आजही ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते. थोड्या वेळानं तिनंच पहिलं ताट उचललं, पुसलं आणि सरांपुढे ठेवलं. तिचा पहिला पाहुणा म्हणजे सर.

परतीच्या वाटेवर सर एकदाच बोलले. "माझ्या आज्याला गावच्या पंगतीत धरायचे नाहीत. कॉम्प्युटर मला आवडला तो एवढ्यासाठीच. तो शून्यापासून मोजतो, कुणाला सोडत नाही. सुटतं ते आपल्या हातून." हे बोलून ते जीपमधली माणसं मोजू लागले, शून्यापासूनच.

गेल्या वर्षी क्लास बंद झाला. मुलं आता मोबाइलवरच शिकतात. सर पुण्याला मुलीकडे राहायला गेले. मी तळेगावला नोकरी करते, आणि कुठलीही यादी हातावेगळी करण्याआधी पहिलं नाव दिसतंय ना, हे दोनदा बघते. सामान वाटताना सरांनी विचारलं होतं, तुला काय हवंय. मी बाक मागितला आणि जीपच्या टपावर टाकून गावी नेला.

तो आता शेवंतामावशीच्या पडवीत असतो. पाहुणे त्यावर बसतात आणि हमखास विचारतात, यावर शून्य का लिहिलंय. मावशी भाकरी थापता थापता सांगते, "मोजनी हितनं सुरू व्हती."