शेजारच्या बाईंचा खून

आमच्या शेजारच्या बाईंचा सिनेमात खून झाला होता. आम्ही कार्डिफला राहायला आलो त्याच वर्षी त्यांनी मला हे कौतुकाने सांगितलं होतं. नटी व्हायला त्या तरुणपणी लंडनला गेल्या, आणि हाती लागला तो हा एकच कृष्णधवल रहस्यपट, तोही काटकसरीत उरकलेला. दार उघडायचं, एक वाक्य बोलायचं, किंचाळायचं आणि गालिच्यावर मरून पडायचं, एवढंच काम. इंग्रजीत मी त्यांना सरळ नावाने हाक मारते, मनात मात्र अहो-जाहोच. आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी रडले ती त्यांच्या स्वयंपाकघरात. परक्याशी फक्त हवेबद्दल बोलायची रीत असलेल्या या देशात माझं म्हणावं असं माणूस म्हणजे त्याच.

या हिवाळ्यात मला अवदसा आठवली. इथल्या मराठी मंडळात ज्येष्ठांसाठी दर महिन्याला कार्यक्रम असतो, आणि मधुमेहावरच्या व्याख्यानांना मी विटले होते. म्हटलं, बाईंना प्रमुख पाहुण्या करू, त्यांची डीव्हीडी लावू, शाल-श्रीफळ देऊ. सत्काराची आपल्याला हौस भारी. बाई केस सेट करून, लिपस्टिक लावून आल्या. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ अशा पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसल्या.

आपली माणसं गप्प बसून सिनेमा बघत नाहीत. खुनी कोण यावर सुरुवातीपासूनच वाद पेटले, बटाटेवडे फिरू लागले. मग बाई पडद्यावर आल्या. काय देखण्या होत्या! किंचाळल्या, पडल्या. कॅमेरा त्यांच्यावर जरा जास्तच रेंगाळला आणि प्रेताची छाती वरखाली होताना सगळ्यांना स्वच्छ दिसली.

मंडळातले निम्मे लोक हॉस्पिटलातले. मागून एक रिटायर्ड सर्जन काका ओरडले, "अहो, डेड बॉडी ब्रीदिंग करतेय! ॲम्ब्युलन्स बोलवा रे कोणीतरी!"

"आमच्या वॉर्डात पाठवा काका, लगेच डिस्चार्ज देते!" एक नर्सताई म्हणाली. सगळा हॉल फिदीफिदी हसला. मीही हसले, तोंडाला पदर लावून.

बाई माझ्याकडे वळल्या. "काय म्हणाले ते?"

"तुम्ही फार छान काम केलंय म्हणताहेत."

"मग हसले का?"

"ते खुन्यावरून चाललंय," मी ठोकून दिलं. वर त्यांचा हातही थोपटला.

"हो का," म्हणून त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, निभावलं.

परत येताना गाडीत त्या वड्यांचं कौतुक करत होत्या. घरापाशी मी गाडी थांबवली, तरी उतरल्या नाहीत.

"डेड बॉडी, ब्रीदिंग, ॲम्ब्युलन्स, डिस्चार्ज," त्या शांतपणे म्हणाल्या. "एवढं मला कळतं गं."

मराठीत बोललं की भिंतीआड बोलल्यासारखं, असा आम्हा इथल्या लोकांचा भाबडा समज. त्या भिंतीतल्या निम्म्या विटा इंग्रजी आहेत हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"त्या सीनला सगळेच हसतात," त्या म्हणाल्या. "दुसरा टेक घ्यायला फिल्म नव्हती. माझा नवरा तर दर वेळी श्वास मोजायचा, आणि मीच सगळ्यांत जास्त हसायचे. आज तशीच हसायला आले होते मी. तू मला त्या हॉलमध्ये एकटीला बसवलंस."

मी माफी मागितली. दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा मागितली. "नॉट ॲट ऑल, डियर," त्या दारातूनच म्हणाल्या.

आता कचऱ्याचा बिन बाहेर ठेवताना आमची गाठ पडते. त्या थांबतात, हसतात आणि माझ्याशी हवेबद्दल बोलतात.