रिकाम्या सीटजवळ उभी मुलगी

ताई, उमरेडच्या स्टँडवरून आम्ही निघालो तेव्हा बसमध्ये अकरा सीट रिकाम्या होत्या. मला मोजायची सवय, तुम्हाला ठाऊकच आहे. तरी जान्हवी दांड्याला धरून उभी, आणि सारखी मागं वळून पाहत होती. खिडकीखालून तुम्ही म्हणालात, "पोरीचा जीव घरात अडकला वं." मलाही तेच वाटलं.

यांची बदली झाली, जान्हवीची अकरावी होती, म्हणून इथं शहरात, मनीषनगरला फ्लॅट घेतला. येताना एक वस्तू मी मुद्दाम मागं ठेवली: कोपऱ्यातली ती सतरंजी, जिच्यावर महिन्याचे चार दिवस आपण दोघी जावांनी काढले आणि पुढे जान्हवीनेही. इथं कोणी बाजूला बसणार नाही, असं मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. देवघर, ओटा, सोफा, सगळं मोकळं.

पण पोरगी सोफ्यावर बसेना. मेट्रोतही उभी, क्लासमध्ये भिंतीला टेकून उभी. दर महिन्याला उमरेडला जायचा हट्ट. घराची ओढ, म्हणून आम्ही पाठवत राहिलो. एकदा परीक्षेमुळे मी नाही म्हटलं, तर म्हणाली की क्लास सोडते, तिकडच्याच कॉलेजात नाव घाला. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तिकडे सतरंजी आहे, आई. डाग पडला तरी कोणी पाहत नाही. इथं मी बसू कुठं?"

त्या दिवशी बसमध्ये ती घराकडे पाहत नव्हती, आपल्या कुर्त्याकडे पाहत होती.

दीड तासात तिचं पॅड भरायचं, गाठी पडायच्या, आठवडा उलटला तरी थांबायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, "बाईच्या जातीले हे चालतेच." मी तिला दाखवायला नेलं, तर डॉक्टरीणबाईंनी ते साफ खोडून काढलं. एक-दोन तासांत पॅड भरत असेल, सात दिवसांच्या वर जात असेल, तर सोसायचं नाही, दाखवायचं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन फार कमी निघालं. लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि त्या दिवसांपुरत्या रक्तस्राव कमी करायच्या.

मग सीताबर्डीच्या बाजारात गेलो. मी मोठ्या पाकिटावर एका पॅडला किती पडतं ते काढू लागले. जान्हवी म्हणाली, "तुझा हिशेब बरोबर आहे, आई. पण घालायचं मले आहे." तिनं रात्रीची लांब पॅड घेतली, आणि पॅडसोबत घालायला दोन काळ्या पीरियड पँटी. पाळीच्या कपचा डबा वाचून परत ठेवला, "हे मंग पाहू." कप वर्षानुवर्षं चालतो, हा आकडा माझ्या जिभेवर होता. गिळला.

मागच्या महिन्यात, पाळीच्या दुसऱ्याच दिवशी, आम्ही मेट्रोनं येत होतो. ती बसली. आमचं स्टेशन आलं तशी बोलत बोलत उठली आणि दाराकडे गेली. मागं वळून पाहिलं नाही. मी पाहिलं. सीट कोरडी होती.

तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. दिवाळीला आम्ही येतोय, आणि तिच्या तारखा नेमक्या त्याच आहेत. ताई, सतरंजी अंथरू नका. जान्हवी तुमच्या शेजारी, खुर्चीवर बसेल. जिथून उठताना मागं पाहावं लागत नाही, ते घर, एवढंच मला आता कळतं. मनीषनगरात ते झालं. उमरेडचं तुमच्या हाती आहे.